रिलेवर बंदी घालण्याआधी : क्लबच्या ब्रिज समितीस खुले पत्र

समितीचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी कार्डरूमच्या फळ्यावर एक कागद लागला. चार ओळींचा. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून क्लबच्या कोणत्याही स्पर्धेत 'रिले पद्धतीच्या कृत्रिम बोली' चालणार नाहीत, एवढंच त्यात आहे. खाली सही आहे, कारण नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मला विचारलं, "म्हणजे नेमकं काय बंद?" उरलेले माझ्याकडे बघून नुसते हसले. रिले म्हणजे जोडीतल्या एकाने स्वस्तातली कृत्रिम बोली (नावातल्या रंगाशी संबंध नसलेली) बोलून नुसतं 'सांग' म्हणायचं, आणि दुसऱ्याने पायरीपायरीने आपला हात सांगत जायचं. आपल्याकडे असं खेळणारी जोडी एकच आहे, मी आणि माझा भाचा. तेव्हा कागदावर आमचं नाव नसलं तरी पत्ता आमचाच आहे.

समितीला चहाच्या वेळी गाठून बोलता आलं असतं. पण बंदी फळ्यावर लागली, तर उत्तरही फळ्यावर लावावं असं वाटलं. शिवाय हा प्रश्न आमच्या एका जोडीचा नाही. आज ना उद्या पंचविशीतली पोरं खेळायला येतील, ती असलं काहीतरी शिकूनच येतील, आणि त्यांना दारातच हा कागद दिसेल.

आधी त्या संध्याकाळबद्दल, कारण कागदाचं मूळ तिथं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाच्याकडे इस्पिकचे एक्का, राणी, अठ्ठी, सत्ती, तिर्री. बदामची एकटी पंजी. चौकटचे राजा, राणी, दश्शी, चौकी. आणि किलवरच्या नव्वी, छक्की, दुर्री. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक असे धरून अकरा पॉइंट. माझ्याकडे इस्पिकचा राजा आणि छक्की. बदामचा एक्का, अठ्ठी, सत्ती, चौकी. चौकटचे एक्का, गुलाम, अठ्ठी, तिर्री, दुर्री. किलवरचा एक्का आणि चौकी. सोळा पॉइंट. दोघांचे मिळून सत्तावीस. एवढ्यावर बहुतेक टेबलं ३ नो ट्रंपवर (हुकुमाविना नऊ ट्रिका, म्हणजे गेम, बोनस मिळणारी बोली) थांबली, एक जोडी ५ चौकटवर गेली. आम्ही ६ चौकट, म्हणजे चौकट हुकूम करून बारा ट्रिकांचा स्लॅम, बोललो आणि त्या दिवशीच्या वाटणीत बाराच्या बारा ट्रिका सरळ होत्या.

बोली अशी झाली. भाचा : १ इस्पिक. मी : २ किलवर. या २ किलवरचा किलवरशी काही संबंध नाही. ती कृत्रिम बोली आहे आणि तिचा अर्थ एवढाच : आपण निदान गेमपर्यंत जाणार, मधे कुणी पास करायचा नाही, आता तू तुझा हात सांग. भाचा २ चौकट बोलला : दुसरा रंग चौकट. मी २ बदाम, म्हणजे पुढची सगळ्यात स्वस्त बोली, पुन्हा 'सांग'. तो ३ किलवर : नेमके पाच इस्पिक, एक बदाम, चार चौकट, तीन किलवर. मी ३ चौकट, तो ३ बदाम : एक्क्याचे दोन आणि राजाचा एक धरला तर त्याचे तीन कंट्रोल. मी ३ इस्पिक, तो ४ चौकट : इस्पिकमध्ये एक्का-राजापैकी एक आहे, चौकटमध्येही आहे, किलवरमध्ये नाही. इस्पिकचा राजा आणि चौकटचा एक्का माझ्याच हातात, तेव्हा त्याच्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा हे उघड झालं. मग एकदा राण्या विचारल्या, दोन्ही हव्या तिथं निघाल्या, आणि मी ६ चौकट बोलले.

एवढ्या वेळात समोरच्या जोडीने आम्हाला नऊ वेळा थांबवून अर्थ विचारला, आणि तो त्यांचा पूर्ण हक्क होता. पंधरा मिनिटांत दोन बोर्ड, म्हणजे वाटून ठेवलेले दोन डाव, संपवायचे असताना एकाच बोर्डाला चौदा मिनिटं गेली. पुढच्या टेबलावरची मंडळी खुर्च्यांमागे उभी. डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेचे पंच, आले. समोर बसलेल्या काकांचा आवाज चढला. दुसरा बोर्ड रद्द झाला. आणि चार दिवसांनी कागद.

त्या दिवशी चुकलं ते आमचंच चुकलं, आणि त्याबद्दल मला पुढे बरंच बोलायचं आहे. पण चूक एकीकडे आणि फळ्यावरचं औषध दुसरीकडे, असं झालं आहे.

समितीला माझा पहिला प्रश्न : रिले म्हणजे काय, हे समितीने ठरवलं आहे का? कागदातले शब्द घेतले तर १ नो ट्रंपवर स्टेमन, म्हणजे २ किलवर बोलून पार्टनरला चार पत्त्यांचे बदाम-इस्पिक विचारणं, बंद झालं. तिथल्या २ किलवरचाही किलवरशी संबंध नसतो, तीही 'सांग' म्हणणारीच बोली. ईझली ब्लॅकवूडने १९३३ साली काढलेला ४ नो ट्रंपचा, एक्के विचारणारा प्रश्नही गेला. मेजर रंगाच्या (बदाम किंवा इस्पिकच्या) ओपनिंगवर, म्हणजे सुरुवातीच्या बोलीवर, जॅकोबी २ नो ट्रंप, म्हणजे कृत्रिम आणि गेम फोर्सिंग (गेमपर्यंत नेणारी), तेही गेलं. वीक टूवर, म्हणजे दुबळ्या हाताने केलेल्या दोनच्या ओपनिंगवर, २ नो ट्रंपने ताकद विचारणं गेलं. न बोललेल्या चौथ्या रंगाने पार्टनरला फोर्स करणं, म्हणजे बोलायला लावणं, गेलं. आणि सचिवसाहेब, तुम्ही स्वतः गेली पंचवीस वर्षं प्रिसिजन ही बोलीपद्धत खेळता. १ किलवरने सोळा पॉइंट दाखवून मग अल्फा, बीटा, गॅमा असे प्रश्न विचारत तुम्ही गेल्याच हिवाळ्यात माझ्याविरुद्ध स्लॅम केला होता. पार्टनरच्या हुकुमात बड्या पत्त्यांपैकी किती, हे गॅमाने विचारलंत तेव्हा तुमच्या त्या बोलीत तुमच्या स्वतःच्या हाताबद्दल काय होतं? मी तेव्हा डायरेक्टरांना बोलावलं नाही, आजही बोलावणार नाही. पण तेही रिलेच, फक्त एका कप्प्यातलं.

अमेरिकेतल्या ब्रिज संघटनेनेही सर्वसाधारण स्पर्धांत रिले पद्धतींना बरीच वर्षं मज्जाव केला होता. पण तिथल्या, कुठल्या बोली चालतील ते सांगणाऱ्या जुन्या तक्त्यात व्याख्या तरी होती : एका रंगाच्या ओपनिंगनंतर, ओपनरची दुसरी बोली होण्याआधीच 'आणखी सांग'ची साखळी सुरू झाली तर ती रिले पद्धत. म्हणजे स्टेमन वाचलं, ब्लॅकवूड वाचलं. पुढे २०१८ च्या शेवटी त्यांनी तो तक्ताच बदलला आणि नवशिक्यांपासून कसलेल्यांपर्यंत चार पायऱ्यांचे चार तक्ते केले. पटो न पटो, काय बंद आहे हे खेळाडूला घरी बसून वाचता येतं. आपल्या चार ओळींत ते वाचता येत नाही.

दुसरी गल्लत याहून मोठी आहे. 'कृत्रिम' आणि 'त्रासदायक' हे दोन शब्द आपल्या कार्डरूममध्ये एकाच अर्थाने वापरले जातात. १९८० च्या दशकात पोलंड, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या काही जोड्या फोर्सिंग पास खेळत. चांगला हात असेल तर पास, आणि हातात काहीच नसेल तर मुद्दाम ओपनिंग. तिथं समोरच्यांना पहिल्या बोलीपासूनच वेगळं ब्रिज खेळावं लागे. जागतिक महासंघाने अशा पद्धतींसाठी वेगळा वर्ग केला, त्यांना पिवळा रंग दिला आणि मोठ्या सांघिक स्पर्धांपुरतं, आगाऊ कागद देऊन, बांधून ठेवलं. कुठली पद्धत पिवळ्यात जाते याच्या कसोट्या बघा. पास हा ओपनिंगइतका बलवान आहे का? एकच्या पातळीवरचं ओपनिंग पासपेक्षा दुबळं असू शकतं का? ते सरासरी हातापेक्षा राजाभर किंवा त्याहून दुबळं असू शकतं का? त्या ओपनिंगने सांगितलेला रंग एक तर लांब किंवा एकदम तोकडा, किंवा हा रंग नाहीतर तो, असा संदिग्ध आहे का? सगळ्या कसोट्या सुरुवातीच्या बोलीच्या आहेत, म्हणजे जिथं समोरच्यांनाही बोलायचं असतं तिथल्या. आमची १ इस्पिक तुमच्यासारखीच आहे : पाच इस्पिक आणि ओपनिंगचा हात. २ किलवर होईपर्यंत तुमच्या वाटेत आम्ही एक खडासुद्धा टाकलेला नसतो. आणि त्यानंतर आमच्याकडे गेमचे पॉइंट असल्याने तुमच्याकडे बोलण्याजोगं बहुतेकदा काही उरत नाही.

उलट तुम्हाला एक गोष्ट फुकट मिळते. मी २ किलवर बोलले की किलवर चांगले असणाऱ्याने डबल म्हणावं, पार्टनरला लीड, म्हणजे पहिला पत्ता कुठल्या रंगाचा टाकायचा ते, कळली. २ बदामवर तेच, ३ चौकटवर तेच. त्या बोर्डात मी पाच वेळा कृत्रिम बोली बोलले, म्हणजे पाच वेळा दार उघडं ठेवलं. नैसर्गिक बोलीत ही सवलत मिळत नाही. शिवाय चौकट आधी भाच्याने उच्चारली होती, म्हणून डाव त्याने खेळला. ज्याचा हात पत्त्यापत्त्याने सांगून झाला होता तो डिक्लेअरर, आणि लपलेला हात, म्हणजे माझा, पहिली लीड येताच डमी म्हणून टेबलावर पसरला. काका म्हणाले, "तुम्ही सगळं लपवता." काका, त्या डावात ट्रिक एकपासून सव्वीस पत्ते तुमच्यासमोर होते! हां, नेहमी असं होत नाही. पुष्कळदा विचारणाराच खेळतो, मग त्याचा हात झाकलेला राहतो आणि बचावाला ते जड जातं. रिलेचा हा फायदा खरा आहे, आणि तो नाकारला तर मी खोटी पडेन.

हे सगळं कशासाठी, असंही मला विचारतात. पाच पानी बोली पाठ करण्यापेक्षा सरळ ३ नो ट्रंप बोलावं की! मी एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देताना माझा तोल जातो, सांभाळून घ्या. २ किलवरनंतर २ चौकट ते ३ इस्पिक या आठ बोली आहेत. त्यांच्यावर ३ नो ट्रंप ही थांबायची जागा. उत्तर देणाऱ्याने पहिली पायरी वापरली तर पुढचा प्रश्न दुसरी खातो आणि सहा उरतात. दुसरी वापरली तर पाच उरतात. असं करत गेलं तर या आठ पायऱ्यांत किती निरनिराळे हात सांगता येतात? बरोब्बर ३४. पायऱ्या चार असत्या तर ५, पाच असत्या तर ८, सहा असत्या तर १३, सात असत्या तर २१. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. ही मालिका आपल्याकडे छंदशास्त्रवाल्यांनी काढली : लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरून ठरावीक मात्रांच्या ओळी किती प्रकारे बांधता येतात, ते मोजताना. विरहांकाने सांगितली, हेमचंद्राने साधारण ११५० च्या सुमारास मांडली, आणि इटलीतल्या फिबोनाचीने १२०२ साली. आठ मात्रांची ओळ चौतीस तऱ्हांनी होते. आठ पायऱ्यांचा रिले चौतीस हात सांगतो. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि घरात सांगायला कुणी जागं नव्हतं.

यातली मेख अशी की हे फक्त एकानेच विचारलं आणि दुसऱ्यानेच सांगितलं तर जमतं. दोघंही आपापला हात सांगायला लागले की पायऱ्या वाटल्या जातात आणि दोन्ही हात अर्धेमुर्धे सांगून होतात. म्हणून स्वस्तातली बोली प्रश्नाला आणि बाकीच्या सगळ्या उत्तरांना, अशी वाटणी. ही कल्पना आमची नाही, आणि कालचीही नाही. फ्रान्सचे पिएर गेस्टेम ड्राफ्ट्सचे (पटावरच्या सोंगट्यांच्या खेळाचे) विश्वविजेते होते, आणि ब्रिजमध्ये बाशेरिक यांच्या जोडीने अशाच प्रश्नोत्तरी पद्धतीने खेळत. १९५६ चा बर्म्युडा बाउल (ब्रिजचा जागतिक सांघिक करंडक) आणि १९६० चं पहिलं ब्रिज ऑलिंपियाड जिंकणाऱ्या फ्रेंच संघांत ते होते. सिमेट्रिक रिले नावाची पद्धत बांधणाऱ्यांत न्यूझीलंडचे रॉय केर होते. फिरत्या कृष्णविवराचं समीकरण १९६३ साली सोडवणारे तेच केर. आता गमतीत कुणी म्हणेल, बघा, हे खेळायला कृष्णविवर कळावं लागतं. नाही हो. कळायला लागते ती चिकाटी, आणि आठवण.

आठवणीचं सांगते, म्हणजे आमच्या पद्धतीचं मी नुसतंच कौतुक करते असं वाटायला नको. सहा महिन्यांपूर्वी भाच्याने उत्तर देताना एक पायरी कमी मोजली. मला दिसले पाच बदाम, होते तीन. मी माझे चार धरून नऊ पत्त्यांचा हुकूम समजून ६ बदाम बोलले. सात पत्त्यांच्या हुकुमावर तो स्लॅम तीन डाऊन गेला, म्हणजे तीन ट्रिका कमी पडल्या, आणि ३ नो ट्रंप सहज होणारं होतं. नैसर्गिक बोलीत माणूस थोडं चुकतो. रिलेत एक पायरी चुकली की हातच दुसरा होतो. शिवाय उत्तर देणाऱ्याला मत नसतं. भाचा म्हणतो, "मावशी, मी इथं नुसता साक्षीदार. विचारलं तेवढं सांगायचं." त्याच्या हातात किलवरची नव्वी-छक्की आहे आणि मनात धाकधूक आहे, हे सांगायला रिलेत जागा नाही. आम्ही किती वेळा आपटतो ते क्लबच्या निकालपत्रकात आहेच. रिलेमुळे आम्ही सगळ्यांना लुटत सुटलो आहोत, असं कुणाला वाटत असेल तर त्याने ते जरूर काढून बघावं.

आता आमच्या चुकीकडे येते. काकांनी त्या दिवशी माझ्या २ किलवरवर भाच्याला विचारलं, "हिच्या हातात काय?" तो म्हणाला, "गेम फोर्सिंग. बाकी काही नाही." रिले खेळणारे सगळे हेच उत्तर देतात, आणि ते पुरं खरं नसतं. आमच्यात असं ठरलं आहे की सहा पत्त्यांचा स्वतःचा चांगला रंग असेल तर २ किलवर न बोलता तो रंग बोलायचा. इस्पिकला तीन पत्त्यांचा आधार आणि जेमतेम गेमचा हात असेल तरी दुसरी बोली आहे. म्हणजे मी २ किलवर बोलले याचाच अर्थ, बहुधा माझ्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत. हे भाच्याला ठाऊक होतं, काकांना नव्हतं. कायदा या बाबतीत स्वच्छ आहे : जोडीतला प्रत्येक समझोता समोरच्यांना खुला हवा. काय सांगितलं हे जसं खुलं, तसंच काय सांगता आलं असतं पण सांगितलं नाही, हेही. मे महिन्याच्या सुट्टीत आपण सगळे मेंढीकोट खेळून मोठे झालो. तिथं बंद हुकूम चालतो, पत्ता पालथा ठेवून मजा घेता येते. ब्रिजमध्ये बंद हुकूम नाही. त्या दिवशी आम्ही नकळत एक पत्ता पालथा ठेवला होता. काका, त्याबद्दल जाहीर माफी.

दुसरी अडचण अवघड आहे, आणि तिच्यावर समितीने विचार केला असता तर मला आनंद झाला असता. बोलीचा अर्थ सांगतो तो बोलणाऱ्याचा पार्टनर. म्हणजे भाच्याच्या प्रत्येक उत्तराचा अर्थ मी मोठ्याने सांगायचा. मोठ्या स्पर्धांत मधे पडदा असतो, पार्टनरला काही ऐकू जात नाही. आपल्याकडे पडदा नाही. मी "पाच, एक, चार, तीन" म्हणाले की भाच्यालाही कळतं, मावशीने बरोबर ओळखलं. तो पायरी चुकला असेल तर तेही त्याला कळतं, आणि ते त्याने वापरायचं नसतं. न वापरण्याचा प्रामाणिकपणा आम्ही करतो. पण समोर बसलेल्याने त्यावर विश्वास का ठेवावा? नऊ प्रश्न विचारून काकांनी नकळत आम्हालाच नऊ वेळा खात्री करून दिली. हा दोष त्यांचा नव्हता. हा रस्ता आम्ही आधी सांगायला हवा होता : तुम्हाला बोलायचं नसेल तर मधे विचारू नका, बोली संपू द्या. शेवटच्या पासनंतर, लीडच्या आधी, आम्ही पूर्ण हात एका वाक्यात सांगतो. डाव आमचा असेल आणि आधी दिलेला अर्थ चुकला असेल, तर ती दुरुस्तीही आम्ही त्याच वेळी, न विचारता करायची असते. बचाव करणाऱ्यांनी मात्र आपली दुरुस्ती डाव संपल्यावर. हे नियमात आहेच, आपण पाळत नाही इतकंच.

आणि वेळ. पंधरा मिनिटांत दोन बोर्डांच्या जोड्यांच्या स्पर्धेत रिले हा पाहुण्यांच्या घरी जाऊन पुरणपोळी लाटायला घेण्यासारखा प्रकार आहे, हे मला मान्य आहे. सोळा बोर्डांच्या सांघिक सामन्यात तसं नसतं. तिथं समोरची जोडी तीच असते, एकदा समजावून सांगितलं की सामनाभर पुरतं.

म्हणून माझं मागणं असं आहे. मंगळवारच्या जोड्यांच्या स्पर्धेत रिले बंद ठेवा, वर्षभर ठेवा, आमची तक्रार नाही. पण 'रिले' म्हणजे काय ते कागदावर लिहा, म्हणजे स्टेमन खेळणारी कुलकर्णी-मंडळी घाबरणार नाहीत. रविवारच्या सांघिक लीगमध्ये, गेम फोर्सिंग झाल्यानंतरचा रिले चालू द्या. गेमच्या आतला, नुसता चाचपडणारा रिले तिथंही नको. कारण तिथं समोरच्यांनाही बोलण्याजोगं असतं आणि त्यांना आपण बोली मधेच कुठे सोडणार हे कळत नाही. लीगमध्ये रिले खेळणाऱ्या जोडीने आठ दिवस आधी पद्धतीची प्रत समितीकडे द्यावी, टेबलावर बसताच पहिल्या बोर्डाच्या आधी दोन वाक्यांत सांगावं, आणि उशीर झाला तर आधी तिच्याकडे बोट दाखवलं जावं. यातलं शेवटचं कलम माझ्या भाच्याला पसंत नाही. तो म्हणतो, दुसरे विचार करत बसले तरी दंड आपल्यालाच? हो. अवघड चीज आपण आणली, तिची किंमत आपण द्यायची.

समितीतल्या काही ज्येष्ठांचं म्हणणं माझ्या कानावर आलं आहे की असल्या बोलींनी ब्रिजमधली माणुसकी जाते, पार्टनरचा चेहरा वाचण्याची गंमत जाते. पार्टनरचा चेहरा वाचायला कायद्याने तेव्हाही बंदी होती, एवढंच म्हणते. २०१८ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ दे सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा आपण याच कार्डरूममध्ये पेढे वाटले. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. पुढच्या खेपेला हांगझोऊला आपल्या पुरुष संघाने रौप्य आणलं. त्या पातळीवर बसणाऱ्याला समोरून कुठलीही पद्धत येऊ शकते, आणि तिचा सामना कसा करायचा हे तिथं जाऊन शिकता येत नाही. आपल्याकडे सध्या पंचविशीच्या आतले खेळाडू चार आहेत. त्यांनी रिलेशी खेळायची सवय कुठे करायची? माझ्यासारख्या त्रेसष्ट वर्षांच्या बाईशी, रविवारी, आपल्याच टेबलावर केली तर क्लबचं काय बिघडतं?

येत्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मी आणि भाचा कार्डरूममध्ये असू. कुणाही जोडीने यावं, आठ बोर्ड वाटू. प्रत्येक बोलीला थांबवा, हवं तितकं विचारा, घड्याळ लावायचं नाही. काकांनी आणि त्यांच्या पार्टनरने यावं अशी माझी खास विनंती आहे. त्यांच्यासाठी २ किलवरविरुद्ध डबल कसा वापरावा याचं एक पान मी लिहून ठेवलं आहे. ते पान वापरून त्यांनी आम्हाला पाडलं तर चहा माझ्याकडून, नाही पाडलं तरी माझ्याकडूनच.

पत्रासोबत आमच्या पद्धतीची नऊ पानं जोडत आहे. सहाव्या पानावर १ बदामनंतरच्या उत्तरांत दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली आहे, भाच्याला ती काल रात्री सापडली. शाईने खोडून बरोबर केलं आहे. समितीकडे आधीची प्रत असेल तर ती कृपया फेकून द्यावी.

आपली,
मंगळवारच्या फेरीतली एक सभासद
पुणे